विनोदबुद्धीचे मोजमाप

माणूस आपल्या अनेक उणिवा मोकळ्या मनाने सांगतो. माझी स्मरणशक्ती मंद आहे, गणितात मी कच्चा आहे, गळा गोड नाही म्हणून मिस्सेच्या वेळी गायनवृंदापासून चार बाक दूरच बसतो, असे सांगताना त्याला संकोच वाटत नाही. परंतु ‘मला विनोदबुद्धी नाही’ अशी कबुली देणारा मनुष्य क्वचितच भेटतो. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, विनोदबुद्धीविषयी ज्यांना विचारले त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी ती आपल्या ठायी सरासरीइतकी किंवा तिच्याहून अधिक असल्याचे सांगितले. शंभरांपैकी केवळ सहा जण सरासरीच्या खाली आणि बाकीचे सारे बरोबरीचे किंवा वरचे, हा हिशेब कोणत्याही धर्मग्रामाच्या खजिनदारास पटणार नाही!

१९९९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रूगर व डेव्हिड डनिंग या दोघा संशोधकांनी हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे तपासली. त्यांनी तीस विनोद निवडले, व्यावसायिक विनोदकारांकडून त्यांची प्रत ठरवून घेतली आणि तेच विनोद ६५ विद्यार्थ्यांपुढे ठेवले. विनोदकारांच्या निर्णयाशी ज्यांचा निर्णय सर्वांत कमी जुळला अशा तळाच्या चौथाई विद्यार्थ्यांचे खरे स्थान शंभरांत सरासरी बाराव्या पायरीवर होते. त्यांना स्वतःला मात्र आपण अठ्ठावन्नाव्या पायरीवर आहोत असे वाटत होते. विनोद ज्यांना कळत नव्हता त्यांना, आपल्याला तो कळत नाही, हेही कळत नव्हते.

ज्या गुणाविषयी माणूस स्वतःबद्दल खरे सांगू शकत नाही, तो गुण मोजावयाचा कसा? मानसशास्त्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाशी झटत आहे. ही कथा मनोरंजक आहे खरी. परंतु आम्हांस ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. माणूस किती हसतो, हे या शास्त्राने पुष्कळ काळ मोजले. आणि अखेर तो कोणाच्या जिवावर हसतो, हे विचारण्याची पाळी त्याच्यावर आली. हा दुसरा प्रश्न ख्रिस्ती नीतिविचाराने फार पूर्वी विचारला होता.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘ह्यूमर’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ द्रव अथवा ओलावा. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांच्या समतोलावर मनुष्याचा स्वभाव अवलंबून असतो, असे प्राचीन ग्रीक वैद्यक मानीत असे. त्या वैद्यकीय शब्दाला स्वभावाचा, मग विक्षिप्तपणाचा आणि शेवटी विनोदाचा अर्थ येत गेला. ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ हा मनुष्याचा एक स्वतंत्र गुण म्हणून ओळखला जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात. मराठीने त्यासाठी ‘विनोदबुद्धी’ हा शब्द योजिला. यात नुसते हसणे नाही, बुद्धी आहे. म्हणजेच तारतम्य आहे. आपल्या देशात तर हास्याची प्रतवारी लावण्याची परंपरा फार जुनी. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशा पात्रांमध्ये वाटणी केलेली आहे.

पाश्चात्त्य परंपरेत या गुणाचा नैतिक विचार अ‍ॅरिस्टॉटलने केला. लोकांना हसविण्यासाठी वाटेल त्या थराला जाणारा विदूषक हे एक टोक. स्वतः विनोद न करणारा आणि दुसऱ्याचाही न सोसणारा रुक्ष मनुष्य हे दुसरे टोक. आणि या दोहोंच्या मध्ये सुजाण, प्रसन्न वृत्तीचा मनुष्य. या मधल्या वृत्तीला त्याने ‘युट्रापेलिया’ म्हटले व तिची गणना सद्‌गुणांत केली. गंमत अशी की, संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्तीजनांना न शोभणाऱ्या गोष्टींची जी यादी दिली आहे, तीत हाच ग्रीक शब्द येतो; तेथे त्याचा अर्थ अचकटविचकट बोलणे असा आहे. एकच शब्द एकाच्या लेखी सद्‌गुण आणि दुसऱ्याच्या लेखी दोष!

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’मध्ये ही गाठ सोडविली. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते आणि खेळ व थट्टाविनोद ही मनाची विश्रांती होय, असे त्यांनी प्रतिपादिले. मात्र ज्या थट्टेत अश्लीलता आहे किंवा जिने शेजाऱ्यास इजा होते, ती पाप ठरते. त्याचबरोबर, स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या आनंदात विरजण घालणारा मनुष्यही निर्दोष नाही, असे ते बजावतात. फक्त त्याचा दोष अतिरेक करणाऱ्याच्या दोषाहून कमी आहे, एवढेच. शेजाऱ्यास इजा होते की नाही, ही जी कसोटी येथे सांगितली आहे ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

प्रयोगशाळेतील मानसशास्त्राने या जुन्या विचाराकडे पाठ फिरवून नव्याने आरंभ केला. १८९७ साली स्टॅन्ली हॉल आणि आर्थर ॲलिन या अमेरिकन संशोधकांनी गुदगुल्या, हसणे आणि विनोद यांविषयी लोकांकडून प्रश्नावली भरून घेऊन एक प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे १९०५ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांचा विनोदावरील ग्रंथ आला. समाजात उघडपणे व्यक्त न करता येणाऱ्या वैरभावाला आणि कामवासनेला थट्टेच्या रूपाने वाट मिळते, असा त्यांचा सिद्धान्त होता. यातूनच चाचणीची एक कल्पना निघाली: माणसापुढे शंभर विनोद ठेवा, तो कोणत्या विनोदांना हसतो हे टिपून घ्या, म्हणजे त्याचे अंतरंग आपोआप उघडे होईल. नाझी राजवटीतील जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले हान्स आयझेंक यांनी १९४२ साली, तर रेमंड कॅटेल व लेस्टर लुबोर्स्की यांनी १९४७ साली या पद्धतीने संशोधन केले. कॅटेल यांनी पुढे विनोदांवर आधारलेली व्यक्तिमत्त्वाची एक छापील चाचणीही तयार केली.

या चाचण्यांचे पुढे काय झाले, याचा अंदाज वाचकांना करता येईल. विनोद हा नाशवंत माल आहे. एका पिढीला हसविणारी चुटकी दुसऱ्या पिढीला कोरडी वाटते. एका देशातली दुसऱ्या देशात पोहोचेपर्यंत शिळी होते. शिवाय दुसऱ्याने रचलेल्या विनोदाला हसणे आणि स्वतःच्या आयुष्यात विनोद पाहणे या निराळ्या गोष्टी आहेत. १९७२ साली खुद्द आयझेंक यांनीच दाखवून दिले की, ‘त्याला विनोदबुद्धी आहे’ या वाक्याचे लोक तीन वेगवेगळे अर्थ घेतात: आम्ही ज्याला हसतो त्याला तोही हसतो, तो सहज आणि पुष्कळ हसतो, तो इतरांना हसवितो. या तीन गुणांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. १९७४ साली एलिशा बाबाद या इस्रायली संशोधकांनी प्रचलित चाचण्यांचे निकाल आणि त्याच माणसांविषयी त्यांच्या सोबत्यांनी दिलेले मत यांची तुलना केली, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. कागदावरचा विनोदी मनुष्य आणि सोबत्यांना ठाऊक असलेला विनोदी मनुष्य हे दोन वेगळेच निघाले.

दरम्यान काही विचारवंत वेगळ्या दिशेने जात होते. स्वतः फ्रॉइड यांनी १९२७ साली एक छोटासा निबंध लिहिला. इन्सब्रुक येथील परिषदेत तो त्यांच्या वतीने त्यांची कन्या आना हिने वाचला. यात त्यांनी खऱ्या विनोदवृत्तीला थट्टेपासून वेगळे काढले. सोमवारी सकाळी फाशीच्या तख्ताकडे नेला जाणारा एक कैदी आठवड्याचा आरंभ मोठा छान झाला म्हणतो, हे त्यांचे आवडते उदाहरण. आईवडिलांनी घाबरलेल्या मुलाला धीर द्यावा, तशी मनातील वडीलधारी शक्ती येथे संकटात सापडलेल्या जिवाला धीर देते, असे फ्रॉइड यांचे स्पष्टीकरण होते. फ्रॉइड धर्म न मानणारे. परंतु आम्हां कॅथलिक वाचकांस येथे संत थॉमस मोर यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये शिरच्छेदासाठी त्यांना वधस्तंभाच्या डळमळीत शिडीवर चढावे लागले, तेव्हा वर चढताना तेवढा हात द्या, खाली उतरण्याचे मी माझे पाहून घेईन, अशा अर्थाचे ते अधिकाऱ्यास म्हणाले, असे त्यांच्या जावयाने लिहून ठेवले आहे. या विनोदात कोणाचाही अपमान नाही. मरणाची भीती मात्र त्यात विरघळून गेली आहे.

ऑलपोर्ट यांनी १९३७ सालीच असे मांडले होते की, प्रौढ व्यक्तिमत्त्वाची एक खूण म्हणजे स्वतःकडे त्रयस्थपणे पाहता येणे, आणि आत्मज्ञान व विनोद ही या दृष्टीची जुळी अपत्ये आहेत. जे आपणांस प्रिय आहे, त्याला हसता येणे आणि तरीही त्याच्यावर प्रेम करीत राहणे, याला ते विनोदबुद्धी म्हणत. अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात मानसिकदृष्ट्या अत्यंत निरोगी व्यक्तींचे वर्णन करताना सांगितले की, या व्यक्तींना इतरांना दुखविणाऱ्या किंवा इतरांची हीनता दाखविणाऱ्या विनोदाचे हसू येत नाही. मग शंभर चुटक्यांच्या चाचणीत या व्यक्तींचे काय होणार? त्यांतील निम्म्या चुटक्या कोणाला तरी खाली पाडणाऱ्या असल्या, तर या सत्पुरुषांना गुण कमी मिळणार आणि विनोदबुद्धी नाही असा शिक्का त्यांच्यावर बसणार! मोजपट्टीतच खोट होती, ती येथे दिसून येते.

१९७० नंतर या विषयाला एकाएकी बहर आला, त्यास आरोग्याची आशा कारण झाली. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकांनी १९७६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात व १९७९ साली पुस्तकरूपाने आपल्या दुखण्याची हकीकत सांगितली. दहा मिनिटे पोटभर हसल्यावर आपणांस दोन तास वेदनेवाचून झोप लागत असे, हे त्यांचे विधान जगभर गाजले. आपल्या मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली पाच जणांना घेऊन उद्यानात पहिला हास्यक्लब सुरू केला, तो याच आशेच्या लाटेवर.

शास्त्रज्ञांनाही नवी मापनश्रेणी हवी होती. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात रॉड मार्टिन व हर्बर्ट लेफकोर्ट यांनी ती तयार केली. त्यांनी चुटक्या बाजूला ठेवल्या आणि प्रसंग घेतले. उपाहारगृहात वाढप्याच्या हातून तुमच्या अंगावर पेय सांडले, तर तुम्ही काय कराल? मुळीच हसणार नाही, गालांतल्या गालांत हसाल, की खदखदून हसाल? अशा १८ प्रसंगांची आणि आणखी तीन प्रश्नांची ही प्रश्नावली १९८४ साली प्रसिद्ध झाली. अडचणीच्या वेळी माणूस विनोदाचा आधार घेतो काय, हे पाहणारी सात विधानांची दुसरी श्रेणी १९८३ साली आली होती. त्या वर्षीच्या त्यांच्या प्रयोगांत असे आढळले की, विनोदबुद्धीचे गुण ज्यांना अधिक, त्यांच्या मनावर आयुष्यातील आपत्तींचा परिणाम तुलनेने कमी होतो. पुढे अनेकांनी तसेच प्रयोग केले. काहींना तोच निष्कर्ष मिळाला, काहींना मिळाला नाही.

मग १९९३ साली एक धक्का बसला. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे पंधराशे हुशार मुलांची आयुष्यभर नोंद ठेवण्याचे काम आरंभिले होते. लहानपणी या मुलांची प्रसन्नता व विनोदबुद्धी कितपत आहे, याविषयी त्यांच्या पालकांचे व शिक्षकांचे मत लिहून घेतले होते. सत्तर वर्षांनी हॉवर्ड फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रसन्न व विनोदी ठरविलेली मुले इतरांपेक्षा सरासरीने लवकर मरण पावल्याचे दिसले. दीर्घायुष्य लाभले ते कर्तव्यदक्ष मुलांना. हसरी मुले मोठेपणी धूम्रपान, मद्यपान व धोक्याची कामे अधिक करीत, असेही आढळले. तथापि तेवढ्याने सारा उलगडा होईना. २००१ साली मार्टिन यांनी हास्य व शारीरिक आरोग्य यांवरील सारे संशोधन चाळून, पुरावा समजला जातो तितका बळकट नाही, असा प्रांजळ निर्वाळा दिला.

दोष हास्याचा की मोजमापाचा? मार्टिन यांच्या लक्षात आले की, आपण सर्व प्रकारच्या हसण्याची एकच मोळी बांधीत आहोत. भेदरलेल्या मित्राला हसवून धीर देणारा आणि वर्गातील तोतऱ्या मुलाची नक्कल करून टाळ्या मिळविणारा, या दोघांनाही जुन्या प्रश्नावलीत सारखेच गुण मिळू शकत होते. म्हणून २००३ साली त्यांनी व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ३२ विधानांची नवी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विनोदाच्या चार रीती वेगळ्या केल्या आहेत व प्रत्येकीसाठी आठ विधाने आहेत. पहिली रीत स्नेह वाढविणारी: सर्वांनी मिळून हसावे, ताण निवळावा. दुसरी स्वतःला सावरणारी: एकट्याने दुःख सोसतानाही त्यातील विसंगती पाहून मन उभे ठेवावे. तिसरी आक्रमक: टोमणे, कुचेष्टा, टिंगल. चौथी स्वतःला हीन करणारी: इतरांनी आपल्याला जवळ करावे म्हणून स्वतःच्याच अब्रूची थट्टा मांडणे आणि आतले दुःख हसण्याखाली झाकणे.

या विभागणीने चित्र स्पष्ट झाले. पहिल्या दोन रीतींचा संबंध आत्मसन्मानाशी व समाधानाशी दिसला, तिसरीचा वैरभावाशी, आणि चौथीचा खिन्नतेशी व चिंतेशी. म्हणजे जो सर्वांत अधिक हसवितो तोच सर्वांत दुःखी असू शकतो, आणि ‘किती’ हे मोजणाऱ्या पट्टीवर ते कधीच उमटले नसते. २०१७ साली विलिबाल्ड रुख व सोन्या हाइन्झ यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. या प्रश्नावलीच्या विधानांत फेरफार करून त्यांनी दाखविले की, त्यांतील विनोदाचा भाग काढून टाकला तरी स्वतःला तुच्छ लेखण्याचा खिन्नतेशी असलेला संबंध तसाच राहतो. घात विनोद करीत नाही. विनोदाच्या गाडीत बसून आलेली तुच्छता करते.

एक अडचण मात्र या प्रश्नावलीतही उरतेच. ती भरतो कोण? ज्याची त्यानेच ती भरावयाची. टोमणे मारणारा मनुष्य स्वतःला टोमणे मारणारा समजत नाही. तो म्हणतो, मी तर गंमत केली. म्हणून ज्याच्याकडे पाहून हसले जाते त्याच्या बाजूनेही मोजणे अवश्य झाले. ‘आपल्याला लोक हसतील’ या भयाने ग्रासलेल्या माणसांचे वर्णन मिखाएल टिट्झे या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी केले होते. त्यावरून रुख व रेने प्रॉयर यांनी २००८ साली त्या भयाची स्वतंत्र मापनश्रेणी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी ७३ देशांतील संशोधनाचा वृत्तान्त आला. अशा माणसांना शेजारच्या टेबलावरचे निष्पाप हसूही आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. कोणाच्या तरी गमतीची किंमत कोणी तरी अशी वर्षानुवर्षे मोजीत असतो.

येथे हा इतिहास आपल्या घराच्या उंबरठ्यावर येतो. पवित्र शास्त्रात हास्याची दोन्ही रूपे आहेत. सारेला म्हातारपणी पुत्र झाला. त्याचे इसहाक हे नावच हसण्यावरून आले आहे. आणि प्रभू येशूच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट ठेवून गुडघे टेकणारे शिपाईही हसतच होते. पहिले हसू कृपेचे, दुसरे उपहासाचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेवर लिहिलेल्या प्रेषितीय उद्बोधनात आनंद व विनोदबुद्धी यांना संतपणाच्या लक्षणांत स्थान दिले. १४ जून २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये शंभराहून अधिक विनोदकारांची भेट घेताना, आपण प्रियजनांची थट्टा करतो तशी देवाचीही करता येते, मात्र श्रद्धावंतांच्या व विशेषतः गरिबांच्या भावना दुखविता कामा नयेत, असे त्यांनी सांगितले. शेजाऱ्यास इजा होते की नाही, ही संत थॉमस अक्वायनस यांचीच कसोटी सातशेहून अधिक वर्षांनी पुन्हा उच्चारली गेली.

आपल्या मराठीतही हे तारतम्य मुरलेले आहे. विनोद, गंमत, थट्टा, मस्करी, टवाळी, टिंगल, कुचेष्टा, उपहास: या शब्दांची उतरंड प्रत्येक आजीला पाठ असते, आणि थट्टेची कुचेष्टा कोठे झाली हे तिला प्रश्नावलीवाचून कळते. तथापि शास्त्राचा एक धडा आजीच्याही पुढचा आहे, तो चौथ्या रीतीचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात, लग्नघरी, सणाच्या जेवणावळीत स्वतःच्या रंगाची, जाडीची, गरिबीची वा नापास होण्याची थट्टा करून सर्वांना हसविणारे एखादे मूल असते. ते फार गमत्या आहे म्हणून आपण त्याचे कौतुक करतो आणि पुन्हा एकदा कर म्हणून आग्रह धरतो. त्या मुलाच्या विनोदबुद्धीला पैकीच्या पैकी गुण देण्यापूर्वी, सर्वांचे हसून झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. आणि पुढच्या वेळी आपण त्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबर हसण्याजोगे काही तरी शोधावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.